बॉनेटभोवती उभी माणसं

ज्या दुपारी माझ्या वडिलांच्या मेंदूतल्या नसेत रक्ताची गुठळी अडकली, त्या दुपारी आम्ही त्यांच्यापासून दोन हातांवर त्यांच्याच गाडीचं बॉनेट उघडून उभे होतो. अण्णा स्टिअरिंगमागे बसून चावी फिरवत होते, आमच्याशी बोलत होते. गाडीला काय झालंय ते आम्ही शोधत होतो. त्यांना काय होतंय, हे आमच्यातल्या एकानेही विचारलं नाही.

एवढं आधीच सांगून टाकते. पुढे हसू येईल असं बरंच आहे, आणि ते हसू घशातच अडकायला हवं. माझ्या तर अजून अडकलेलं आहे.

आम्ही थेरगावात राहतो. डांगे चौकातून आत वळलं की एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या इमारती लागतात, त्यातली एक आमची. तिच्यात राहणारे जवळजवळ सगळे गाड्यांच्या कामात आहेत. शेजारचा दादा भोसरीला वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत आहे. तळमजल्यावरचे मामा मूळचे मावळातले. ते सेल्फ, म्हणजे स्टार्टर, तपासतात: दिवसभर एकेक सेल्फ बाकावर चढवायचा, फिरवून बघायचा, शिक्का मारायचा. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी सीटची कव्हरं शिवतात. आणि अण्णांनी अख्खी नोकरी दारं बसवण्यात घालवली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, अशा इमारतीत गाडी बंद पडली तर चिंता कसली! पण लाइनवर काम केलेल्याला ठाऊक असतं की तिथे अख्खी गाडी कुणालाच येत नाही. प्रत्येकाला आपला तुकडा येतो. तो नीट बसला की ओके म्हणायचं आणि गाडी पुढच्याकडे सोडायची. मागून काय आलं, पुढे काय होणार, हे बघायला थांबलात तर लाइन थांबते, आणि लाइन थांबवलेली कुणालाच खपत नाही.

हे सगळं मी पत्रकांतून शिकले. अण्णा युनियनचं काम करायचे, त्यामुळे आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. पिवळा, गुलाबी पातळ कागद आणि बोटांना लागणारी शाई. 'बंधूंनो आणि भगिनींनो' या ओळीवर मी अक्षरं जोडायला शिकले. पुढे अण्णा सांगायचे आणि मी लिहायचे. मग त्यांनी सांगणं सोडलं आणि मीच लिहायला लागले. माणसाच्या जिवापेक्षा मशीनची काळजी जास्त घेतली जाते, हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की ते लिहिताना मला आता विचार करावा लागत नाही. तिथेच घात झाला असावा.

त्या आठवड्यात चाकणच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काम करणाऱ्या मुलीची बोटं गेली होती. त्या प्रेसला सेन्सर असतो. हात आत असेल तर मशीन खाली येत नाही. पण सेन्सर असला की माल कमी निघतो, म्हणून सुपरवायझरने तो बायपास केला होता. दोन वायरी एकमेकींना जोडून टाकायच्या, मग हात असो की नसो, मशीन खाली येतं. कंत्राटावरच्या मुली काम सोडून गेटवर बसल्या होत्या. अण्णांनी येऊन बोलावं असा त्यांचा हट्ट होता. पहिली शिफ्ट सुटायच्या आत पोचायचं, म्हणजे सुटणारे आणि येणारे दोन्ही कामगार ऐकतील. गाडीच्या डिकीत मी लिहिलेल्या पत्रकांचे गठ्ठे होते. त्यात 'बायपास' हा शब्द मी मुद्दाम मोठ्या टाइपात छापून घेतला होता.

गुरुवार होता. पिंपरी-भोसरीच्या बऱ्याच कंपन्यांना त्या दिवशी सुट्टी असते, त्यामुळे इमारत भरलेली होती. चाकणची ती कंपनी मात्र चालू होती.

जेवताना अण्णांच्या डाव्या हातातून पाण्याचा तांब्या निसटला.

"लक्ष कुठंय तुमचं?" आई म्हणाली. "आत्ता नळ गेलाय, आता परवापर्यंत पाणी नाही, आणि तुम्ही भरलेलं सांडा!"

"लक्ष गेटवर गेलंय," अण्णा म्हणाले आणि हसले. हसताना ओठांचा एक कोपरा मागे राहिला का? मी हे स्वतःला शंभरदा विचारलंय. मी तेव्हा ताटात बघत होते.

जिना उतरताना त्यांची डावी चप्पल पायरीवर सुटून पडली आणि ते तसेच पुढे गेले. मी ती उचलली. ते गाडीत बसल्यावर वाकून त्यांच्या पायात सरकवली, लहान मुलाच्या पायात सरकवतात तशी. त्यांनी खाली पाहिलंही नाही. मला वाटलं, मनात भाषण चाललंय. माझे वडील एका पायात चप्पल घालून पार्किंगपर्यंत चालत आले, आणि मला त्यात भाषण दिसलं.

त्यांनी चावी फिरवली. समोरचे दिवे लागले. बाकी काही नाही. सेल्फचा खर्र आवाज नाही, टिक् नाही, काही नाही.

"बॅटरी गेली," मी म्हणाले.

"हॉर्न बघ." त्यांनी हॉर्न दाबला. पार्किंगमध्ये तो एवढ्या जोरात वाजला की वहिनी गॅलरीत आल्या.

"काय हो काका, वरात कुणाची?"

"तुमच्याच कंपनीची सीट बोचतीय म्हणून बोंबलतोय," अण्णा म्हणाले. जीभ किंचित जड होती. जेवणावर सुपारी खातात, तसं असेल.

हॉर्न ऐकून वायरिंगवाला दादा बनियनवर खाली आला. त्याच्यामागून मामा आले, दात कोरत. बॉनेट उघडलं. आणि आमच्या इमारतीचा सुट्टीचा दिवस सुरू झाला.

"काका, क्लच दाबलाय ना?" दादाने पहिलाच प्रश्न विचारला.

हा प्रश्न बरोबर होता. अगदी बरोबर होता! आमची गाडी अशी आहे की क्लच तळापर्यंत दाबल्याशिवाय ती सेल्फच मारत नाही. गिअरमध्ये असताना चुकून चावी फिरली तर गाडीने उडी मारू नये, म्हणून ती सोय असते. दादाला ते माहीत होतं, मामांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

"अरे दाबलाय की," अण्णा म्हणाले. "तुझा जन्म व्हायच्या आधीपासनं दाबतोय. मला शिकव तू क्लच."

मामा खो खो हसले. "घे! इचार अजून. उद्या म्हनशील, काका, डोळं उघडं हायेत का."

दादा ओशाळला. तो प्रश्न तिथे संपला. मोठ्या माणसाने ओके म्हटलं की आम्ही पुढे जातो. ज्याने दारं बसवण्यात आयुष्य घालवलं त्याच्या पायाशी वाकून बघायचं, हा अपमान झाला असता.

मग प्रत्येकाने आपला तुकडा तपासला. दादाने फ्यूज काढले, उजेडाकडे धरले, परत बसवले. "वायरिंग ओके. माझ्याकडून काही नाही, राव." जणू गाडी त्यानेच पाठवली होती आणि परत आली होती. मामांनी सेल्फच्या पाठीवर पान्याने टकटक केलं.

"ह्यो आमच्या कंपनीचा न्हाई," ते म्हणाले. "आमचा असता तं लागला असता."

"मामा, कुणाचा का असेना, बिघडलाय का ते सांगा."

"बिगाडला असता तं टिक तरी म्हनला असता. ह्याच्यापत्तूर करंटच येत न्हाई. म्हंजी तुझंच काम हाय, वायरवाल्या."

"माझं ओके आहे म्हटलं ना!"

"मग माझं बी ओके हाय."

वरून वहिनी म्हणाल्या, "तीन कंपन्या उभ्या आहेत खाली, आणि एक गाडी चालू होईना! मी येऊ का सुईदोरा घेऊन?"

आम्ही सगळे हसलो. अण्णाही हसले. त्यांचं हसणं मला आठवतंय, आवाज आठवतोय. चेहरा आठवत नाही, कारण मध्ये उघडलेलं बॉनेट होतं.

धक्का मारायला जागा नव्हती. गाडी भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि मागे कुणाची तरी मोटारसायकल लावलेली.

"काका, तुम्ही जरा उतरा," दादा म्हणाला, "मी एकदा मारून बघतो."

"बसू दे रे," अण्णा म्हणाले. "आत्ता लागंल." त्यांची गाडी ते कुणाला चालवू देत नाहीत, हे इमारतीला ठाऊक होतं. दादाने आग्रह केला नाही. माझ्या फोनवर चाकणहून मुलींचे फोन येत होते. 'निघालोय, निघालोय,' मी म्हणत होते.

शेवटी दादाला सुचलं. "क्लचचा स्विच गेला असणार. पेडलच्या वर बोटाएवढा स्विच असतो. पेडल तळाला गेलं की तो सांगतो, आता सेल्फ मार. तोच मेला असेल तर गाडीला कळणारच नाही की काकांनी क्लच दाबलाय. बायपास करून टाकू."

"कसं?" मी विचारलं.

"दोन वायरी जोडायच्या. विषय संपला. संध्याकाळी नवीन टाकू."

आणि मी म्हणाले, "कर."

डिकीत माझी पत्रकं होती. मोठ्या टाइपातला तो शब्द माझ्यापासून एका गाडीच्या लांबीवर होता. मला तो आठवलासुद्धा नाही. घाई होती. सुपरवायझरलाही घाईच असते.

दादा अंगाने जाड, त्याला स्टिअरिंगखाली शिरता येईना. म्हणून मी गुडघे टेकले, अर्धी दारात, अर्धी आत, आणि मोबाइलचा उजेड पाडला. दादा माझ्या डोक्यावरून सांगत होता: वर बघ, पेडलच्या दांड्याच्या टोकाला, काळा स्विच, त्यातून दोन वायरी.

"अण्णा, क्लच दाबून धरा, म्हणजे स्विच दिसेल."

"दाबलाय."

क्लचचं पेडल वर होतं. त्यावर पाय नव्हता. डावा पाय शेजारी गिअरखालच्या खोक्याला टेकून आडवा पडला होता, घोट्यातून बाहेर वळलेला, मी घातलेली चप्पल अर्धी निघालेली. कुणीतरी तिथे ठेवून विसरून गेल्यासारखा.

"अण्णा, दाबा ना."

"अगं दाबलाय की! पार तळाला नेलाय. आणखी किती दाबू?"

पाय हलला नाही. ते चिडले होते, आवाजात जोर होता. आणि पाय हलला नाही. मी तो हातात घेतला. स्वतःच्या वडिलांचा पाय मी यापूर्वी पाया पडताना शिवला होता, तेवढाच. तो जड होता, ओल्या पोत्यासारखा, आणि माझ्या हातात तो स्वतःचं काहीच करत नव्हता. मी बोटाने जोरात दाबलं.

"मी काय केलं आत्ता?"

"कुठं?"

मी बाहेर येताना डोकं स्टिअरिंगवर आपटलं. दादा म्हणाला, "सापडल्या का वायरी?" मी अण्णांच्या चेहऱ्यावर उजेड धरला. डावा गाल खाली उतरला होता. त्या बाजूने लाळेची बारीक रेघ हनुवटीपर्यंत आली होती आणि शर्टवर वाळूनही गेली होती. वाळून! म्हणजे किती वेळ?

"दादा," मी म्हणाले, "गाडी चांगली आहे."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मामांनी पान्यासकट हात गाडीला टेकला. दादाने अण्णांना बगलेत धरून उचललं तेव्हा अण्णा म्हणाले, "अरे, मला का उतरवताय? गाडीचं बघा." वहिनी आईला हाका मारत जिना चढल्या. आई अनवाणी आली. आम्ही अण्णांना मागच्या सीटवर आईच्या मांडीवर आडवं केलं. कुणीतरी मागची मोटारसायकल उचलून बाजूला टाकली. मामा स्टिअरिंगमागे बसले, पाय खाली गेला, चावी फिरली.

पहिल्याच सेल्फला गाडी चालू झाली.

तो आवाज मी कधी विसरणार नाही. इतका निरोगी आवाज! मामांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत जे होतं तसं मी कुठल्याही सभेत, कुठल्याही मोर्चात, लाठीमाराच्या वेळीही पाहिलेलं नाही.

दवाखाना जवळच होता. दारात अण्णांना स्ट्रेचरवर घेतलं आणि आम्ही सगळे मागे धावलो. आत डॉक्टर, माझ्याहून फार मोठी नसलेली मुलगी, अण्णांचे हात वर करून बघत होती. उजवा हात वर राहिला. डावा पडला.

"हे शेवटचे एकदम व्यवस्थित कधी होते?" तिने विचारलं. "मला वेळ हवी. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन ठरावीक वेळेतच देता येतं. उशीर झाला असेल तर त्याने डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. कधी सुरू झालं हे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"मॅडम," मामा म्हणाले, त्यांना धाप लागली होती, "पहिला सेल्फ मारला तवा लाइट फुल व्हती. बॅटरीचा काय बी प्रॉब्लेम न्हवता."

"फ्यूज सगळे ओके होते," दादा म्हणाला.

डॉक्टर आमच्याकडे बघत राहिली. "मी पेशंटबद्दल विचारतेय."

गाडीचं सगळं आम्हाला सांगता आलं असतं: कधी फ्यूज काढला, कधी घातला, सेल्फ टिक् म्हणाला की नाही. ती माहिती आम्ही तिघांनी मिळून गोळा केली होती. माणसाची माहिती आमच्यापैकी कुणाकडे नव्हती.

"तांब्या पडला," मागून आई म्हणाली. ती भिंतीला धरून उभी होती. "डाव्या हातातून. नळ नुकताच गेला होता. त्याच्या आधी चांगले होते, त्यांनीच मला दोन बादल्या उचलून दिल्या. दोन्ही हातांनी."

पाणी आमच्याकडे ठरल्या वेळेला जातं. डॉक्टरने घड्याळ पाहिलं, काहीतरी हिशेब केला, आणि स्कॅनसाठी स्ट्रेचर पळवायला सांगितलं. "वेळ आहे अजून," ती जाता जाता म्हणाली. "थोडा आहे."

मग बाहेरून वॉचमन ओरडत आला. गाडी दारातच उभी होती, चारी दारं उघडी, इंजिन चालू. "अहो, ती गाडी बंद करा! अँब्युलन्सला जागा नाही!"

"बंद केली आन् परत लागली न्हाई तं?" मामा म्हणाले. बोलले, आणि मग त्यांना स्वतःचंच वाक्य ऐकू आलं. ते तिथेच बाकावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागले. गाडी दादाने जाऊन लावली.

मला रडू आलं नाही. त्या पॅसेजमध्ये मला एकच गोष्ट दिसत होती. मी अंगाने थोडी जाड असते आणि दादा थोडा बारीक असता, तर तो पायांकडे न बघता सरळ हात घालून वायरी जोडून मोकळा झाला असता. गाडी चालू झाली असती. आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. आणि अण्णा, क्लच दाबलाय याच खात्रीने, निर्जीव डावा पाय घेऊन गिअर टाकायला गेले असते, आणि गाडीने भिंतीकडे, मध्ये उभ्या असलेल्या मामांवर, उडी मारली असती. गाडी नाही म्हणत होती. ज्या कामासाठी तिच्यात तो स्विच बसवला होता, ते काम ती चोख करत होती. आणि आम्ही, ज्यांनी अशा गाड्या जोडण्यात हयात घालवली त्यांनी, आणि मी, जिने त्यांच्यासाठी पानंच्या पानं लिहिली तिने, तिचं तोंड बंद करायला निघालो होतो. चाकणच्या त्या सुपरवायझरला मी पत्रकात खुनी म्हटलं होतं. तो शब्द मी मागे घेत नाही. पण तो लिहिताना मला वाटत होतं की असली माणसं कुठल्या तरी वेगळ्या मातीची असतात.

मुलींचा पुन्हा फोन आला. मी सांगितलं, अण्णा दवाखान्यात आहेत. पलीकडे गेटवरचा गलका एकदम थांबला. "ताई, तुम्ही त्यांच्यापाशी थांबा," त्यांच्यातली एक म्हणाली. "आमचं आम्ही बोलतो."

इंजेक्शन दिलं गेलं. संध्याकाळी एकालाच आत सोडणार होते. आई म्हणाली, तू जा, मला बघवणार नाही.

अण्णा पाठ टेकून झोपले होते, हिरव्या चादरीखाली. मी पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिले. चादर डाव्या बाजूने थोडी वर केली. अंगठा हलतोय का? बोटं? मी श्वास रोखून बघत होते. मला वाटलं हलला, मग वाटलं चादर हलली. मी आणखी वाकले.

"तिथं काय बघायलीस?" अण्णांचा आवाज आला. जड होता, पण त्यांचाच होता. "इकडं बघ की. तोंडाकडं बघ माझ्या."

मी मान वर केली. ते माझ्याकडेच बघत होते, मी आत आल्यापासून बघत असावेत. डोळे भेदरलेले होते. माझ्या वडिलांचे भेदरलेले डोळे मी कधी पाहिले नव्हते. मी जाऊन त्यांच्या उशाशी बसले आणि हात धरला, कुठला ते न बघता.

"मला कसंतरी होत होतं तिथं," ते म्हणाले. एकेक शब्द ओढून काढत होते. "गाडीत. डोकं गरगरत होतं. बाजूनं मुंग्या आल्यावानी."

"मग बोलला का नाहीत अण्णा?"

त्यांनी थोडा वेळ विचार केला. खरंच विचार केला, कारण त्यांनाही ते नव्यानेच कळत असावं.

"तुम्ही सगळे गाडी बघत होता ना," ते म्हणाले. "म्हटलं, आधी तिचं होऊ द्यावं."